थांबवल्यानंतरचा ठोका

ओमना चेचीनं फोनवरचं बंदचं बटण दाबलं, तीस बायकांनी एका दमात वल्ही वर उचलली, नाव आपसूक धक्क्याकडे सरकायला लागली आणि स्पीकर मात्र ठोके देतच राहिला. ठक. ठक. ठक. चेची म्हणजे ताई, आणि ओमना चेची आमच्या नावेची पुढारी. तिनं बटण पुन्हा दाबलं. ठक. तिसऱ्यांदा तर फोनची काच तडकेल इतक्या जोरानं अंगठा रोवला. ठक.

काठावरच्या ताडीच्या दुकानाबाहेर बसलेल्या पुरुषांना एवढंच हवं होतं. "नाव थांबली तरी ठोके थांबेनात," एकजण ओरडला. "बायकांच्या नावेत यंत्रसुद्धा ऐकत नाही कुणाचं." तिकडे हशा पिकला. मी तिसऱ्या ओळीत वल्हं धरून बसले होते आणि ठोके देणारं ते फोनमधलं ॲप मीच लिहिलेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी ओमना चेचीनं स्पीकर उचलून मांडीखाली दाबला. तिच्या मांडीखालून बारीक ठक ठक ऐकू येत आम्ही धक्क्याला लागलो.

धक्क्यावर तंकच्चन चेट्टन उभा होता. आमच्या कावुंतुरुत गावच्या बोट क्लबचा सेक्रेटरी, सगळ्यांचा चेट्टन म्हणजे दादा. तो हसला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. त्याचं म्हणणं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतरचे सगळे दिवस मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

"हे बघ ओमना," तो म्हणाला, "रविवारी समिती बसतेय. पलीकडच्या वेट्टिक्काडच्या बायका दोन वर्षांपासून ही नाव मागताहेत. त्यांच्याकडे ठोके द्यायला माणूस आहे. तुमच्याकडे फोन आहे, तोही असला."

"आमच्याकडे सुलोचना आहे," ओमना चेची म्हणाली.

"मग दाखवा ना. रविवारी समितीसमोर एक फेरी मारा. मधल्या खांबापर्यंत फोनवर चला, माझी ना नाही. खांबापाशी फोन बंद. तिथून पुढे सुलोचनाच्या दांड्यावर. लय मोडली नाही तर नाव तुमची. मोडली तर नाव पलीकडे जाणार. शर्यतीत फोन चालत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

नाव पलीकडे जाणं म्हणजे काय ते धक्क्यावरच्या प्रत्येकीला कळलं. आमच्या भागात पलीकडे गेलेली नाव आणि परगावी दिलेली सून, दोन्ही पाहुणीच होऊन परत येतात. यंदाची शर्यत तर गेलीच असती, पण पुढच्या वर्षी "आमची नाव" म्हणायलाही तोंड उरलं नसतं.

अडचण मुळात ठोक्यांचीच होती. लांब नावेत मधोमध फळी असते, तिच्यावर उभं राहून दांडा आपटत लय द्यावी लागते. वल्हवणारे त्या आवाजावर पाणी ओढतात. बायकांच्या नावेत हे काम गेल्या वर्षापर्यंत सुधाकरन चेट्टन करायचा. तो दुबईला लेकाकडे गेला. दुसरा एकही पुरुष यायला तयार होईना. कुणाची पाठ दुखायला लागली, कुणाला अचानक भात लावायचा आठवला. तेव्हा सुलोचना उभी राहिली. नारळाची सोडणं कुटून काथ्या काढण्यात तिचं आयुष्य गेलंय, तिच्या दंडाकडे बघून घरातली भांडी आपोआप सरळ होतात. पण काथ्याची लय एकसुरी असते. शर्यतीची लय हळू सुरू होते, चढत जाते आणि शेवटी जीव घेते. ती चढण तिच्या हातात बसावी म्हणून मी ॲप केलं. मी कोचीतल्या एका लहानशा कंपनीसाठी ॲपच लिहिते, निम्मा आठवडा घरून. ठरावीक अंतरानं ठोका द्यायचा आणि अंतर हळूहळू कमी करत न्यायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या पडवीत ते महिनाभर सुतासारखं चाललं होतं. नावेत मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा आलं आणि माझं नाक कापून गेलं.

"सुरू करताना बटण दोनदा दाबलंत का कुणी?" मी धक्क्यावरच विचारलं. आमच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न.

"एकदाच," ओमना चेची म्हणाली. "देवीची शपथ. मी एकदाच दाबलं."

"बाकी कुणी?"

"फोनला हात लावायची हिंमत आहे का कुणाची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही खोटं बोलत नव्हतं, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत माझी पंचाईत झाली ती त्यामुळेच.

घरी येऊन मी फोन मांडीवर घेऊन बसले. सुरू केलं, बंद केलं. सुरू, बंद. एकदाही चुकेना. अम्मानं कप्प्याचा उकडलेला कंद आणि माशांची मीनकरी असं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "जेव आधी. तो काही पळून जात नाही." फोन नाही, पण त्यातली चूक पळून गेली होती हेच तर दुखणं होतं, पण ते तिला कुठं सांगत बसू.

ऑफिसातल्या जितिनला फोन लावला. जितिन हुशार आहे, पण त्याला वाटतं की वापरणारी माणसं नसती तर त्याची सगळी ॲपं उत्तम चालली असती.

"शिल्जा, ॲप बंद करून परत उघडायला सांग त्यांना," तो म्हणाला.

"चालत्या नावेत? ओल्या हातांनी?"

"मग स्क्रीनवर लिही मोठ्या अक्षरात. बटण एकदाच दाबा."

"त्या म्हणताहेत की एकदाच दाबलं."

"सगळे तसंच म्हणतात."

मी फोन ठेवून दिला. ओमना चेची देवीची खोटी शपथ घेणार नाही, हे जितिनला समजावण्यापेक्षा एखाद्या बदकाला गणित शिकवणं सोपं.

दुसऱ्या संध्याकाळी मी माझं वल्हं मागच्या ओळीतल्या रजनीकडे सांभाळायला दिलं आणि ओमना चेचीच्या पायाशी, फोनजवळ जाऊन बसले. डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलं होतं. कोण येतं, कुठं बोट लावतं, स्पीकरची वायर कुठं दबते, सगळं.

बायका बसल्या. मग रोजच्यासारख्या चेल्लम्मा अम्मूम्मा छत्री टेकत धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या. अम्मूम्मा म्हणजे आजी. त्या माझ्या आजी नाहीत, पण कावुंतुरुतमध्ये त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. ऐंशी उलटलेल्या, वल्हवत नाहीत, फक्त येतात. नाव पाण्यात जाण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला पहिला हात अम्मूम्मांचा लागतो. नावेच्या नाकाला, सुकाणूच्या वल्ह्याला, सुलोचनाच्या दांड्याला. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली आहे की तो हात कुणी बघतच नाही. तिन्हीसांजेला दिवा लावताना काडी कोण ओढतंय ते कुठं कुणी बघतं.

अम्मूम्मांनी नाकाला हात लावला. सुकाणूला लावला. दांड्याला लावला. मग नावेत वाकून स्पीकरला लावला, आणि मग फोनला. बरोबर मधोमध, हिरवा गोल दिसतो तिथं. बोटं टेकवून त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि हात काढून घेतला. तो निघतो न निघतो तोच ओमना चेचीचा अंगठा त्याच गोलावर पडला.

ठक, असा आवाज आला. नीट ऐकलं तर तो नुसता ठक नव्हता. जरा जाड, कडा फाटल्यासारखा. पहिल्या दिवशीही तो तसाच आला होता आणि मी स्पीकरला शिव्या घातल्या होत्या. एकाला चिकटून दुसरा असे दोन ठोके होते ते.

म्हणजे टायमर दोन चालू होते. वारंवार वाजणारा टायमर सुरू केला की तो तुमच्या हातात एक दोर देतो. थांबवायचा तर तोच दोर ओढावा लागतो. मी दोर बांधायला खुंटी एकच ठेवली होती. अम्मूम्मांच्या हातानं पहिला टायमर निघाला, त्याचा दोर खुंटीला. ओमना चेचीच्या अंगठ्यानं दुसरा निघाला, त्याचा दोर त्याच खुंटीला, आणि पहिला दोर काढून दिला पाण्यात सोडून. आता बंदचं बटण कितीही दाबा, दुसराच थांबणार. पहिला टायमर म्हणजे दोराशिवाय मोकळी सुटलेली नाव, तिला कोण धरणार? ती आपली ठोके देत चालली.

आणि म्हणूनच सगळ्या खरं बोलत होत्या. दाबलं एकदाच होतं. अम्मूम्मांचं ते दाबणं नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून मी विचारलं, "अम्मूम्मा, तुम्ही बटण दाबलंत का आत्ता?"

"मी कशाला दाबू गं? दाबायचं काम ओमनाचं. मी फक्त हात लावला."

"हात लागला तरी ते सुरू होतं."

"मग बरंच की. माझ्या हातानं सुरू होतंय." त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "का गं मोळे, माझ्या लेकी? काल ते थांबेना म्हणे. माझ्या हातानं बिघडलं का काही?"

असं विचारताना त्यांनी तो हात नेसत्या मुंडूच्या काठाखाली झाकून घेतला. मला ते बघवलं नाही.

हे समजायला अम्मूम्मांचा नवरा माहीत असायला हवा. कुट्टप्पन नावाचा, मोठ्या नावेवर ठोके देणारा. त्याच्या दांड्याचा आवाज तिसऱ्या गावाला जायचा म्हणतात. तो दांडा अजून क्लबच्या भिंतीवर टांगलेला आहे, विजयादशमीला त्याला हार घालतात. शर्यतीच्या आधी तो दांडा महिनाभर घरी असायचा, पण बाईनं त्याला शिवायचं नाही असा क्लबचा दंडक. अम्मूम्मा अंगण झाडायच्या आणि दांड्याभोवतीचा गोल तेवढा तसाच सोडायच्या. कुट्टप्पन गेला त्या दिवशी क्लबची माणसं आली आणि त्याला उचलण्याआधी दांडा घेऊन गेली. पुढे बायकांची नाव झाली तेव्हा अम्मूम्मांनी एकच मागणं मागितलं. हिच्यात जे जे असेल त्याला पहिला हात माझा. तेवढंच.

"तुमच्या हाताचा काही दोष नाही," मी म्हटलं. "माझ्या ॲपचा आहे."

"मग मी त्या फोनला नको लावू का?"

ओमना चेचीनं मला कोपरानं ढोसलं. हो म्हण, असा त्या कोपराचा अर्थ. रविवार तोंडावर होता, नाव जायची वेळ आली होती, आणि एका फोनला हात लावला नाही म्हणून अम्मूम्मांचं असं काय वाहून जाणार होतं.

"लावायचा," मी म्हटलं. "पहिला हात तुमचाच. ज्या ॲपला तुमचा हात सोसत नाही ते ॲप पाण्यात टाकीन मी."

परतताना ओमना चेची माझ्यावर उखडली. "उचलली जीभ लावली टाळ्याला. नाव गेली म्हणजे त्यांनी हात कशाला लावायचा?"

"नाव जाणार नाही."

"कशावरून?"

"मी जाऊ देणार नाही म्हणून."

बोलायला काय जातं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत जितिननं सुचवलेलं मी घाईघाईत करून टाकलं. एकच बटण ठेवायचं. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. "सगळे तसंच करतात," तो म्हणाला, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळी अम्मूम्मांनी हात लावला, ते सुरू झालं. ओमना चेचीनं दाबलं, ते बंद पडलं. तिनं पुन्हा दाबलं, सुरू झालं. तेवढ्यात अम्मूम्मांना वाटलं आपला आशीर्वाद लागला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा हात लावला, आणि ते परत बंद. पुढच्या ओळीतल्या बायका वल्हं टाकू की उचलू करत एकमेकींच्या पाठीत वल्ही मारायला लागल्या. ताडीच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "शर्यत आहे की वल्ह्यांची कबड्डी?" मी आगीतून निघून फुफाट्यात पडले होते.

त्या दिवशी मात्र मला स्वतःचाच राग आला. चुका काय, सगळ्यांच्या होतात. पण अम्मूम्मांना मी शब्द दिला आणि काम केलं जितिनच्या समजुतीचं. त्याच्या डोक्यात बटण दाबणारा माणूस एकटा असतो, खोलीत, कोरड्या हातांचा. आमच्याकडे कुठलीही गोष्ट एकट्याच्या हातानं सुरूच होत नाही. घराचा पाया, लग्नाचा भात, पोराची पाटी, सगळ्याला आधी कुणा मोठ्याचा हात आणि मग ज्याचं काम त्याचा. माझं ॲप कावुंतुरुतचं होतं आणि त्याला कावुंतुरुतची रीत ठाऊक नव्हती.

शनिवारी मी सुट्टी टाकली. सकाळी बिनदुधाच्या कट्टन चहाचा मग घेऊन पडवीत बसले आणि तो सगळा भाग पुसून पहिल्यापासून लिहायला घेतला.

पहिलं काम सोपं होतं, आधीच करायला हवं होतं इतकं सोपं. सुरू करा असं कुणीही सांगितलं की आधी खुंटी बघायची. तिच्यावर दोर असेल तर तो ओढून जुना टायमर थांबवायचा, आणि मगच नवा सोडायचा. मग दोघींनी हात लावला काय आणि दहाजणींनी लावला काय, पाण्यावर नाव एकच. बंदचं बटण पुन्हा वेगळं केलं. ते कितीही वेळा दाबलं तरी बिघडता कामा नये. चालू असेल तर थांबव, नसेल तर गप्प बस. फोनवर कुणाचा कॉल आला किंवा ॲप मिटलं गेलं, तरी जाताना टायमरला बरोबर घेऊन जायचं, मागे वाजत सोडायचं नाही.

अम्माला बोलावलं. ती मासे साफ करत होती. "हात पूस आणि इथं दाब," मी म्हटलं.

"हात नाही पुसत. तुझ्या बायका काय पुसून येणार आहेत?"

हे एकदम खरं होतं. तिनं खवल्यांच्या हातानं सुरू केलं, मी सुरू केलं, तिनं पुन्हा केलं. ठोका एकच. बारीक, कोरडा आणि एकच. बंद केलं, थांबला. मला इतका आनंद झाला की मी तिच्या हाताचा वाससुद्धा विसरले. आम्ही दोघी किती वेळ तेच करत बसलो देव जाणे. शेजारच्या घरून विचारणा झाली की सुतार लावलाय का.

आणि मग एकदा बंद केल्यावर ठक झालं. एकच. मग शांत.

"थांबलं की," अम्मा म्हणाली.

"नंतर वाजलं."

"एकदाच तर वाजलं."

पुन्हा पुन्हा करून बघितलं. बहुतेक वेळा काही नाही. मधूनच कधीतरी, बंद केल्यानंतर, एक ठोका. मी जितिनला फोन केला.

"तो आधीच निघालेला असतो," तो म्हणाला. "तू थांबवलंस तेव्हा तो वाटेत होता. दोर ओढला म्हणून वाटेतला कसा परत येईल? चालायचंच. एक ठोका कोण ऐकतंय?"

"सुलोचना ऐकेल."

"शिल्जा, एक ठोका."

"जितिन, खांबापाशी फोन बंद होणार, आणि त्याच क्षणी सुलोचनाचा पहिला दांडा पडणार. त्याच्या मागोमाग तुझा हा वाटेतला पाहुणा वाजला तर तीस वल्ह्यांनी कुणाचं ऐकायचं? अर्धी नाव तिचं ऐकेल, अर्धी फोनचं. संपलं."

तो म्हणाला, "मग दारात विचार त्याला." हे मात्र त्यानं कामाचं सांगितलं, उगाच कशाला नाही म्हणू.

दारात विचारायचं म्हणजे असं. लग्न मोडलं तरी आधी निघालेले वऱ्हाडी यायचे ते येतातच, त्यांना वाटेत गाठता येत नाही. पण दारात एक माणूस उभा करता येतो. प्रत्येक वेळी सुरू करताना मी त्या फेरीला एक खूण द्यायची ठरवली. प्रत्येक ठोका निघताना आपल्या फेरीची खूण घेऊन निघणार. पोचला की वाजण्याआधी विचारणार, माझी फेरी अजून चालू आहे का? असेल तर वाजायचं. नसेल तर आल्या पावली मुकाट्यानं परत. आणि ही विचारपूस आणि थांबवणं एकाच दारात, एकामागून एक व्हायला हवं. नाहीतर एकानं हो म्हणेपर्यंत दुसरा नाही म्हणायचा.

दुपारचं जेवण झालं, अम्मा झोपून उठली, केळ्याची पळंपोरी तळून झाली, तरी मी दाबतच होते. अंगठा सुजला. नंतरचा ठोका पुन्हा आला नाही. तरी माझं समाधान होईना, दुधानं तोंड पोळलं होतं. मी पळंपोरीचा तेलकट हात, ओला हात, डावा हात, सगळे लावून बघितले. नाही म्हणजे नाहीच आला.

रविवारी समितीची माणसं धक्क्यावर खुर्च्या टाकून बसली. वेट्टिक्काडच्या चारपाच बायकाही आल्या होत्या, पाहुण्यांसारख्या नटून. ताडीच्या दुकानात जागा उरली नव्हती. मी माझ्या तिसऱ्या ओळीत जाऊन बसले. फोन ओमना चेचीजवळ होता, आता माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

अम्मूम्मा आल्या. नाकाला हात, सुकाणूला हात, दांड्याला हात, स्पीकरला हात. फोनपाशी येऊन त्या थबकल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी बोटं टेकवली. ओमना चेचीनं अंगठा ठेवला. ठक.

"थांब थांब," तंकच्चन चेट्टन खुर्चीवरून उठला. "म्हातारीचा हात लागला की हे बिघडतं असं ऐकलंय मी. बघू दे." तो पायऱ्या उतरून आला, वाकला आणि हिरव्या गोलावर बोटानं टोचत सुटला, कोंबडी दाणे टिपते तसा. काल सगळे हात लावून बघितले होते, हा वैऱ्याचा हात तेवढा राहिला होता.

त्यानं बोट काढलं. ठक. सगळे ऐकत होते. ठक. एकच. त्यानं कान स्पीकरजवळ नेला, त्याला दुसरा ठोका हवा होता, तो काही मिळाला नाही.

"चला मग," तो म्हणाला.

ओमना चेचीनं "आर्प्पो" अशी आरोळी ठोकली, आम्ही "इर्रो" केलं आणि पाणी ओढलं. फोनचे ठोके चढत गेले. सुलोचना फळीवर उभी, दांडा छातीशी धरून, ओठांनी मोजत. खांब जवळ येऊ लागला. मला पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं आणि त्या ठोक्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. महिनाभराची मेहनत, अम्मूम्मांना दिलेला शब्द, तीस बायकांची नाव, सगळं एका ओल्या अंगठ्याखाली जमा झालं होतं.

"बंद," धक्क्यावरून आवाज आला.

ओमना चेचीनं बंद दाबलं. घाबरून पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही दाबलं असावं.

फोन गप्प झाला. काहीही वाजलं नाही. वल्ही पाण्यातून निघून वर आलेली, नाव आपल्या वेगानं सरकतेय, आणि एवढी शांतता की सुलोचनानं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

मग तिचा दांडा पडला. धाड. तीस वल्ही त्याच्यावर पडली. म्हणजे एकोणतीस. रजनीचं वल्हं बोटभर उशिरा पडलं, ते माझ्या कोपराला लागलं, पण पुढच्या ठोक्याला ती बरोबर आली. धाड. धाड. सुलोचना चढत गेली, फोननं शिकवलं होतं त्याहून अंगुळभर जास्तच चढली, काथ्या कुटणारा दंड काय असतो ते तिनं समितीला दाखवून दिलं. शेवटच्या टप्प्यात ताडीच्या दुकानातली माणसंसुद्धा तिच्या ठोक्यावर बाकडी बडवत होती. मी रडत होते. घाम होता असं मी नंतर सांगितलं.

धक्क्याला लागलो तेव्हा समितीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं पायऱ्यांवर उतरून आली होती. तंकच्चन चेट्टन मात्र दिसेना. वेट्टिक्काडच्या बायकांनी सुलोचनाचे दंड दाबून बघितले आणि त्या आपल्या होडीत बसून निघून गेल्या. आता हा माणूस कुठं गेला म्हणून ओमना चेची धुमसायला लागली. तेवढ्यात तो क्लबच्या बाजूनं येताना दिसला. त्याच्या खांद्यावर कुट्टप्पनचा दांडा होता. वाळलेला हार अजून त्याला लटकत होता.

"नाव तुमची," तो सुलोचनाला म्हणाला. "शर्यतीत त्या सुपारीच्या काठीवर ठोके देणार आहेस का? हा घे."

सुलोचनानं हात पुढे केला नाही. आम्ही सगळ्या अम्मूम्मांकडे बघायला लागलो. तंकच्चन चेट्टन दांडा पुढे धरून तसाच उभा राहिला आणि मग त्याला कळलं. कळायला वेळ लागला, पण कळलं. तो वळला, दोन पायऱ्या चढला आणि दांडा अम्मूम्मांसमोर आडवा धरला.

अम्मूम्मा मागे सरकल्या. अंगण झाडताना सोडलेला तो गोल त्यांच्या पायांना अजून आठवत होता.

"मी लावू?" त्यांनी विचारलं.

"लावा," तंकच्चन चेट्टन म्हणाला. "हवा तितक्या वेळा लावा."

अम्मूम्मांनी छत्री माझ्याकडे दिली. हात मुंडूला पुसला आणि दांड्यावर ठेवला, जिथं कुट्टप्पनच्या मुठीनं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं बरोबर तिथं. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग ओठ थांबले, तरी हात काढला नाही. सुलोचना उभी होती, ओमना चेची उभी होती, ओल्या अंगानं आम्ही सगळ्या उभ्या होतो, आणि कुणालाही घाई नव्हती.